दोनशे बारा जणांची यादी

२ जुलै २०१३, लखनौ छावणी

पाच वेळा! एकाच जवानाला एकच मेसेज — पाच वेळा!

"बी निगेटिव रक्त की आवश्यकता है, कल सुबह दस बजे केंद्र पर आएँ।" सव्वाबाराला पहिला गेला आणि मग दर दोन मिनिटांनी एक. पाचव्यानंतर लान्सनायक श्रीपादचा फोन. कोल्हापूरचा पोरगा, तोंडाने गोड. म्हणतो, "वहिनी, माणूस एकच हाय मी. पाच पिशव्या कुठनं काढू?"

फोनवर हसले. ठेवल्यावर अंगाचा तिळपापड झाला — स्वतःवरच.

यात विनोद काहीच नाही. हजरतगंजच्या आमच्या केंद्रात थॅलेसेमियाची एकेचाळीस मुलं येतात. त्यांच्या अंगात रक्त टिकत नाही, दर तीन आठवड्यांनी बाहेरून चढवावं लागतं. ते देणारे छावणीतले दोनशे बारा जवान. आणि दोघांच्या मधे मी लिहिलेली वेबसाइट. जवान वैतागून मेसेज वाचेनासे झाले तर ती मुलं काय करतील?

चूक सापडली. मेसेजवाल्या कंपनीचं उत्तर उशिरा येतं. माझा प्रोग्राम दहा सेकंद वाट बघतो, 'गेला नाही' असं धरून चालतो आणि पुन्हा पाठवतो. गेलाय की नाही ते न विचारता! देविकाबाई, एमसीए. घरबसल्या पत्राद्वारे केलंय म्हणून काय झालं?

४ जुलै

दुरुस्त केलं. आता प्रत्येक मागणीला आधी स्वतःचा क्रमांक, तो टेबलात लिहायचा, मग मेसेज. पुन्हा पाठवायची वेळ आली तर तोच क्रमांक जातो. कंपनीकडे तो आधीच पोचला असेल तर ते दुसरा टाकून देतात. दोन तासांचं काम. दोन वर्षांपूर्वीच करायला हवं होतं.

काल श्रीपाद रक्त देऊन गेला. ते आज शालूला चढलं. शालू सात वर्षांची, आमच्याकडची सगळ्यांत बडबडी. तिचे वडील रामदुलारे सदर बाजारात पेंटर आहेत, बोटांच्या पेरांवर कायम पांढरा रंग. सायकलवर पुढे बसवून आणतात तिला. ती पलंगावरून म्हणते, "आंटी, आपका कम्प्यूटर मुझे जानता है?" म्हटलं, नाव, वजन, रक्तगट, सगळं जानता है. "और मेरा रोल नंबर?" म्हटलं, ते नाही. "तो क्या जानता है!"

बी निगेटिव्ह अख्ख्या यादीत पाच जण. एकदा दिलं की तीन महिने थांबायचं. पालकांना पडद्यावर दिसतं — आपल्या गटाचे दाते नावानिशी, कोण हिरवा (बोलावता येईल असा) आणि कोण लाल. शालूचं गणित जेमतेम बसतं. एक जण सुट्टीवर गेला की बोंब.

९ जुलै

पोस्टिंग आली. भटिंडा. वीस सप्टेंबरपर्यंत हजर व्हायचं.

सत्यजितने ऑफिसातून फोन करून सांगितलं. (तोंडावर 'अहो', वहीत सत्यजित. इथे तरी.) हवालदाराच्या बायकोला हे नवं नाही. चौथी बदली. प्रणिताने शाळेतून आल्या आल्या विचारलं, "मम्मा, वहाँ भी केंद्र होगा?" नाही गं बाई. केंद्र इथेच राहणार.

१० जुलै

डॉक्टर वसुधाताईंना सांगितलं. मूळच्या नागपूरच्या. औषध-संशोधनातून निवृत्त झाल्या, जानकीपुरममध्ये घर केलं आणि हे केंद्र काढलं. त्या कधी घाबरत नाहीत. आज चष्मा काढून पुसत बसल्या. "अगं, मग त्या डब्याला कोण बघणार?"

डबा म्हणजे आमचा सर्व्हर. मागच्या खोलीतला, टेबलावरचा.

खरं सांगू? वाईट वाटलंच. पण आत कुठेतरी छान पण वाटलं. माझ्यावाचून अडतं इथे!

१२ जुलै

ते छान वाटणं कर्नलसाहेबांनी उतरवलं.

दोनशे बारा जवानांची नावं, फोन, रक्तगट यांना परवानगी त्यांचीच. वसुधाताई आणि मी भेटायला गेलो. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मैडम, आप चली जाएँगी तो यह किसके भरोसे चलेगा?" मी म्हटलं, भटिंड्यातून फोनवर बघेन सर. "और फोन नहीं लगा तो?"

त्यांनी टेबलावरचं कॅलेंडर पुढे ओढलं.

दहा सप्टेंबरला ते केंद्रात येणार. माझ्याशिवाय सगळं चालतं हे दाखवायचं. नाहीतर यादी परत. "मेरे लड़कों का डेटा लावारिस नहीं छोड़ूँगा।" राग आला होता. पण माणूस बरोबर बोलत होता, म्हणून जास्तच आला.

साठ दिवस आहेत.

१६ जुलै

सुरुवात सोप्यापासून करावी म्हटलं. बॅकअप. रोज दुपारी एकला बाहेरच्या डिस्कवर जातो, रोज मला मेल येतो: 'बॅकअप यशस्वी'. म्हटलं एकदा उघडून बघू.

शून्य बाइट.

कालचा शून्य. परवाचा शून्य. मागे मागे जात राहिले, अठ्ठावीस मेपर्यंत शून्य! त्या दिवशी मी डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता — सुरक्षेसाठी, शहाणी मी — आणि बॅकअपवाल्या प्रोग्रामला सांगायचं विसरले. तो बिचारा रोज जायचा, दार बंद दिसायचं, रिकामी फाइल ठेवायचा आणि मला 'यशस्वी' कळवायचा. कारण तो मेल कामाकडे न बघताच पाठवायला मीच सांगितलं होतं.

पन्नास दिवस. या पन्नास दिवसांत डबा गेला असता तर कुणाला कधी रक्त चढलं, कुणाला कुठल्या पिशवीने अंगावर पुरळ आलं, सगळं गेलं असतं. जेवणच गेलं नाही.

सत्यजित म्हणाला, "आमच्याकडे जनरेटर दर शनिवारी चालू करून बघतात. लाइट गेलेली नसली तरी." एवढंच. पुढे वरणभात जेवत राहिला. असा राग येतो ना!

१७ जुलै

आजचा बॅकअप: अडतीस एमबी. वसुधाताईंनी घरचा जुना कम्प्युटर दिलाय, त्यावर चढवून पाहिला. मुलं सगळी आहेत. शालू आहे.

आता दर तासाला घेते. आणि मेल येतो तो फाइलचा आकार मोजून, आतल्या मुलांची संख्या मोजून. एकेचाळीस आली नाही तर बोंबलायचं.

२९ जुलै

आता माणूस हवा. केंद्रात रोज सकाळी नऊ ते पाच असतात त्या एकट्या मधुमतीजी. रिसेप्शनवर. वय बावन्न, पक्क्या लखनवी, कम्प्युटरला 'आपका वो' म्हणतात. म्हटलं, मधुमतीजी, डबा बंद पडला तर दुसरा कसा उभा करायचा ते तुम्ही शिकायचं. त्यांनी पदर खोचला नि म्हणाल्या, "हमसे न होगा बिटिया. लेकिन बताइए।"

हिंदीत दोन पानं लिहून दिली. पायरी एक ते चौदा. एवढी सोपी, की कुणीही करेल! मुद्दाम डबा बंद केला, हात मागे बांधून उभी राहिले.

पायरी एकलाच गाडी अडली. 'डिस्क लावा.' — "कौन से छेद में?"

पायरी चार: पासवर्ड टाका. कुठला? तो माझ्या डोक्यात. पायरी सात: मी लिहायलाच विसरलेली. पायरी नऊला त्यांनी जे दाबलं ते मी बघितलं आणि किंचाळले.

दोन तासांनी सोडून दिलं. मी चिडून म्हणाले, पर्चा नीट वाचा ना! त्या शांतपणे म्हणाल्या, "पढ़ तो रहे हैं। लिखा ही नहीं है।"

३० जुलै

खरंच लिहिलेलं नव्हतं. चौदाच्या एकतीस पायऱ्या झाल्या. छेदावर लाल चिकटपट्टी लावली, डिस्कच्या वायरीलाही लाल. पासवर्ड कागदावर, कागद लखोट्यात, लखोटा वसुधाताईंच्या कपाटात. फोडायला दोघींच्या सह्या. ही शेवटची युक्ती सत्यजितची, शस्त्रागाराच्या किल्ल्या अशाच ठेवतात म्हणे.

काल ओरडले त्याची माफी मागितली. मधुमतीजी म्हणाल्या, "अरे छोड़िए। पर इसमें सबसे ऊपर यह लिखिए कि घबराना नहीं है।"

लिहिलं. पायरी शून्य.

६ ऑगस्ट

एक तास दहा मिनिटं. पण झालं! मधुमतीजींनी स्वतः केलं. आम्ही तिघींनी समोसे खाल्ले.

१४ ऑगस्ट

आज काहीतरी भयंकर झालंय आणि मला कळत नाही काय.

सकाळी श्रीपाद केंद्रात हजर. रक्त द्यायला. मी म्हटलं, तू? तीन जुलैला तर दिलंस! "वहिनी, मेसेज आला म्हणून आलो. मला वाटलं, तुम्हाला म्हाईत असेल." तपासलं तर हिमोग्लोबिन अकरा, हवं साडेबारा. वसुधाताईंनी रागावून परत पाठवलं, खजूर देऊन. त्यांनी बघितलं म्हणून. घाईत एखाद्याने घेतलं असतं तर?

सिस्टिममध्ये श्रीपादची शेवटची तारीख दहा जानेवारी. मधुमतीजींच्या रजिस्टरमध्ये तीन जुलै. मधल्या मधे बदललीय. कुणी? नोंद सांगते — श्रीपादनेच, बारा तारखेला, स्वतःच्या खात्यात शिरून. श्रीपाद आईची शपथ घेतो. मला त्याचं खरं वाटतं.

आणि उद्या शालूचा दिवस. दाता नाही.

१६ ऑगस्ट

पाचपैकी चौघांच्या तारखा बदलल्यात. चौघेही बी निगेटिव्ह. चौघांच्या खात्यात शिरलंय ते सदरमधल्या एकाच सायबर कॅफेतून, वीस मिनिटांत. पासवर्ड एकदाही चुकलेला नाही. अंदाजाने टाकत बसलेला माणूस चुकतो. हा चुकलाच नाही! ज्याला माहीत आहेत असा कोणीतरी.

माहीत कुणाला असणार? यादी डब्यात. डब्याला हात लावणारी मी.

म्हणजे माझ्यातच कुठेतरी भोक आहे.

वसुधाताई दोन दिवस रक्तपेढ्यांना फोन लावतायत. उद्या एक पिशवी मिळेल म्हणतात. शालूचा चेहरा मेणासारखा झालाय. आज बोलली नाही.

१७ ऑगस्ट

शालूला चढलं. दोन दिवस उशिरा. संध्याकाळी मधुमतीजींकडे बिस्किट मागितलं म्हणे.

१९ ऑगस्ट

आजच लिहून टाकते.

बदलीचं सामान बांधायला घेतलंय. व्हरांड्यात नऊ काळ्या ट्रंका. भटिंड्याचा पत्ता टाकायला सत्यजितने पेंटर बोलावला, आणि आले कोण? रामदुलारे! पांढऱ्या रंगाचा डबा आणि दोन ब्रश घेऊन. म्हटलं, अरे वा, तुम्हीच करता का हे? "पूरी छावनी का हम ही करते हैं मैडम। बाईस साल से।"

एका ट्रंकेवरचा नंबर पार घासून गेलेला. सत्यजितचा आर्मी नंबर. मी सांगायला तोंड उघडलं तोवर त्यांचा ब्रश चाललासुद्धा. अख्खा नंबर, शेवटच्या अक्षरासकट. न विचारता, न बघता!

मी तिथेच खाली बसले, ट्रंकेवर.

साइट सुरू केली तेव्हा प्रत्येक जवानाला पासवर्ड काय द्यावा हा प्रश्न होता. मी त्यांचा आर्मी नंबरच दिला. फौजी बायकोपोरं विसरेल, नंबर विसरणार नाही! केवढी खूश होते मी त्या कल्पनेवर. 'नंतर बदला' असं खाली लिहिलं होतं. दोनशे बारापैकी बदलले अकरा जणांनी; तारीख वाचली तो पाचवा त्यांतलाच. आणि तो नंबर गुप्त समजत होते मी — जो प्रत्येकाच्या दारात, प्रत्येक ट्रंकेवर, चार इंची पांढऱ्या अक्षरांत लिहिलेला असतो! मी स्वतः रोज त्याच्यावर चहा ठेवते!

मी विचारलं, "रामदुलारेजी, बारह तारीख को आप साइबर कैफे गए थे?"

ब्रश थांबला. खोटं नाही बोलले. "बिटिया को पंद्रह को चढ़ना था। हमने देखा, पाँचों लाल। एक भी हरा नहीं।" मग म्हणाले, "आपकी साइट ने नंबर माँगा। नंबर तो हम ही लिखते हैं, मैडम।"

मी ओरडले. होय, खूप ओरडले. त्या पोराचं हिमोग्लोबिन अकरा होतं, तो चक्कर येऊन पडला असता, मेला असता तर काय तोंड दाखवलं असतंत त्याच्या आईला! ते खाली बघत होते. ब्रशमधून रंग त्यांच्या पायावर गळत होता. म्हणाले, "फौजी है, हमने सोचा तगड़ा होगा।"

मला रडू आलं. तेही रडले. राहिलेल्या चार ट्रंका तशाच.

२० ऑगस्ट

दिवसभर डोक्यात एकच: कर्नलसाहेबांना सांगायचं का? सांगितलं तर यादी जाणार. नक्की जाणार. एकवीस दिवस राहिले असताना! नाही सांगितलं तर कुणाला कळणार नाही. भोक बुजवायचं, गप्प बसायचं. वसुधाताई म्हणाल्या, "निर्णय तुझा. मी दोन्हीत तुझ्याबरोबर."

सत्यजितला म्हटलं, चोरी त्यांनी केली, माझं नाव कशाला खराब? तो म्हणाला, "दाराला कुलूप म्हणून काय लावलं होतंस?" बस्स. पुन्हा तो वरणभात!

पण झोपेपर्यंत ठरवलं. ज्यांचे नंबर आहेत त्यांच्यापासून लपवायचं आणि वर त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवावा? नाही जमणार मला.

२२ ऑगस्ट

सांगितलं. दोन पानी लिहून नेलं. पहिलं वाक्य: 'चूक माझी आहे.' पासवर्डची, आणि आणखी एक जी कुणी पकडली नव्हती — ते पासवर्ड टेबलात जसेच्या तसे लिहिलेले होते. टेबल चोरलं असतं तर सगळेच गेले असते.

कर्नलसाहेबांनी दोनदा वाचलं. "अंदर कौन घुसा?" म्हटलं, एका मुलीचा बाप. तुम्ही नाव विचारलंत तर सांगेन सर, पण आधी माझं लिहा.

पंखा फिरत होता. त्यांनी कागद घडी करून फाइलमध्ये ठेवला. मग म्हणाले, "दस तारीख। वही दस तारीख।" नाव विचारलं नाही.

बाहेर येऊन रिक्षात बसले आणि सरळ केंद्रावर गेले.

२७ ऑगस्ट

पाच दिवस नुसतं काम. प्रणिता मॅगीवर जगतेय.

नंबराचा पासवर्ड बंद. आत यायचं तर जवानाच्या फोनवर सहा आकडी कोड जाणार, पाच मिनिटं चालणार, एकदाच चालणार. पाच वेळा चुकलं की खातं अर्धा तास बंद आणि त्या जवानाला मेसेज, 'तुम्ही होतात का?' केंद्रातल्या आम्हा तिघींना वेगवेगळी खाती, वेगवेगळे पासवर्ड. डब्यात ठेवताना ते असे कुटून ठेवलेत की मलासुद्धा परत वाचता येणार नाहीत.

आणि मुख्य! रक्त दिल्याची तारीख आता कुणीही 'बदलू' शकत नाही. दात्याने नाही, मधुमतीजींनी नाही, मीही नाही. पिशवीचा क्रमांक टाकून नवी ओळ फक्त खाली जोडता येते. चूक झाली तर चुकीची ओळ राहणार, खाली दुरुस्तीची ओळ येणार, कुणी केली त्याच्या नावासकट. मधुमतीजी म्हणाल्या, "तो जैसे हमारा रजिस्टर है।" अगदी तसंच. तुमच्याकडून शिकायला मला दोन वर्षं लागली.

३१ ऑगस्ट

रामदुलारे केंद्रात आले, श्रीपादला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. समोर हात जोडून उभे राहिले. श्रीपाद कानकोंडा झाला बिचारा. म्हणाला, "चाचा, सीधे बोल देते ना. अक्टूबर में मैं खुद आऊँगा।" मग शालूला उचलून खिडकीतून हजरतगंज दाखवत बसला.

पण पाचांचं कोडं तसंच आहे. कुलूप कितीही चांगलं केलं तरी पाचाचे सहा होत नाहीत.

१ सप्टेंबर

मी पण ना! यादीत नुसते जवान. फॅमिली क्वार्टर्समधल्या बायकांना विचारलंच नाही कधी! आम्हीच आम्हाला धरत नाही.

४ सप्टेंबर

आज जवानांच्या बायकांच्या वेल्फेअर मीटिंगला बोलायला उभी राहिले. मग बोलले. शालूचं बोलले, पासवर्डची फजितीपण बोलले, त्यावर सगळ्या हसल्या. बेचाळीस जणींनी नावं दिली. बी निगेटिव्ह सहा निघाल्या! त्यातल्या चौघींचं हिमोग्लोबिन कमी — वसुधाताईंनी झापलं सगळ्यांना, लोखंडाच्या कढईत भाज्या करा म्हणून. पण दोघी पास. सिग्नलमनची बायको प्रतिमा आहे, नांदेडची, म्हणाली, "ताई, आजच घ्या की."

उद्याच शालूचा दिवस. घेतलं! तपासण्या होऊन उद्या चढणार.

१० सप्टेंबर

घरात गणपती बसलाय. नैवेद्य दाखवून अकराला केंद्रावर पोचले.

कर्नलसाहेब बरोबर अकराला. सोबत एक तरुण कॅप्टन, लॅपटॉप घेऊन. त्याने तासभर आमच्या साइटचं दार ठोठावलं. नंबर टाकून बघितला, रकान्यांत वेड्यावाकड्या खुणा टाकून बघितल्या, एका पालकाच्या खात्यातून दुसऱ्याचं मूल उघडायचा प्रयत्न केला. ते शेवटचं मी ऑगस्टमधल्या कामाच्या तिसऱ्याच दिवशी बंद केलं होतं, देवाची कृपा. तो म्हणाला, "ठीक है सर।"

मग कर्नलसाहेब उठले, मागच्या खोलीत गेले आणि डब्याची वायर ओढली. अशीच! न सांगता! माझ्या तोंडून "अहो!" निघालं.

"मैडम, आप बाहर बैठिए।"

जिन्यावर बसले. खाली चाटवाल्याचा तवा वाजत होता. आतून मधुमतीजींचा आवाज, पायरी मोठ्याने वाचताना. "ग्यारह... हो गया। बारह..." मग एकदम शांत. सोळाव्या पायरीला वेळ लागतो, मला माहीत होतं, तरी उठून दारापर्यंत गेले. कॅप्टनने मान हलवली. परत बसले. नखं खाल्ली, तेहतीस वर्षांची बाई मी.

सव्वीस मिनिटं. दुसऱ्या डब्यावर एकेचाळीस मुलं, दोनशे चोपन्न दाते.

मधुमतीजी बाहेर आल्या, घामाने ब्लाउज भिजलेला, आणि मला म्हणाल्या, "बिटिया, सत्रह और अठारह उलटे लिखे हैं। हमने सीधे कर लिए।"

कर्नलसाहेबांनी कागदावर सही केली. यादी राहिली!! जाताना वसुधाताईंना म्हणाले, "इनके बिना चल गया। अच्छा है।" मी घरून आणलेले मोदक वाटले. आनंद झाला होता. थोडं दुसरंही काही झालं होतं.

१६ सप्टेंबर

निघायचं उद्या. शेवटचं काम: माझं खातं. चालू ठेवावं का, अडीनडीला? दोन तास बघत बसले. जाणाऱ्याची किल्ली राहू द्यायची नसते, कालच वसुधाताईंना मीच शिकवलं होतं.

बंद केलं. पुन्हा आत शिरायला बघितलं. 'आपको अनुमति नहीं है।' मीच लिहिलेलं वाक्य. डोळे भरून आले, काय करू!

वसुधाताईंना दहादा सांगितलं: काहीही झालं तरी मला फोन करा. कधीही. जेवत असले तरी.

५ ऑक्टोबर, भटिंडा

फोन नाही. वाळू मात्र भरपूर. ट्रंका अजून उघडल्या नाहीत.

३ नोव्हेंबर, भटिंडा

दिवाळीच्या शुभेच्छा द्यायला मीच फोन केला. वसुधाताई बाहेर होत्या, मधुमतीजींनी उचलला. इकडचं तिकडचं झालं. शालू पाचवीची गणितं सोडवते म्हणे दुसरीत असून. मग बोलता बोलता म्हणाल्या, "हाँ, वो सत्रह अक्टूबर को आपका डिब्बा जल गया था। वोल्टेज में। धुआँ-धुआँ।"

सतरा ऑक्टोबर. शालूचा दिवस! मी ओरडलेच, मग?

"फिर क्या? बाईस मिनट लगे। बारह बजे उसे चढ़ भी गया।"

म्हटलं, मला फोन का नाही केलात?

"फोन?" त्यांना खरंच कळेना. "किसलिए, बिटिया?"